गजभिये मॅडमचे डोंगे

वैनगंगेच्या काठावर नववीची पोरं रांगेत उभी आहेत आणि गजभिये मॅडम त्यांची झडती घेताहेत. जानेवारीची सकाळ. कुणाच्या डोक्याला माकडटोपी, कुणी आईची शाल गुंडाळून आलेलं. मॅडम प्रत्येकाला रंगपेटी उघडायला लावतात, तिच्यातला निळा तेवढा उचलतात आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकतात. खडू असो, ट्यूब असो, नाहीतर स्केचपेन. निळा दिसला की जप्त.

"मॅडम, मंग पाणी कायनं रंगवू?"

"पाण्याले पाहून रंगव. निळं कुठं दिसून राहिलं तुले? मले दाखव, आत्ताच्या आत्ता वापस देते."

पोरगं नदीकडे बघायचं. सकाळी आमची वैनगंगा राखाडी असते, काठाशी शेवाळी, दुपारी कथिल लावलेल्या भांड्यासारखी, संध्याकाळी चहाच्या रंगाची. पोरगं डोकं खाजवून रांगेत परत जायचं. कुणालाही त्या वेळी निळा परत मिळाला नाही.

एकदा आमचे मुख्याध्यापक या झडतीच्या वेळी काठावर आले होते. त्यांना विनोद करायची हौस, पण वेळ साधायची अक्कल बेताची. म्हणाले, "काय मॅडम, निळा तं तुमच्याच घरचा रंग. अन् तुम्हीच बंदी घालून राहिल्या?"

मॅडम पिशवी बंद करत म्हणाल्या, "घरचा हाये म्हणूनच तं वाया जाऊ देत नाही सर."

मुख्याध्यापक हसले. आपण का हसतोय हे त्यांना कळलं की नाही, देव जाणे.

मॅडमचं म्हणणं शब्दशः खरं होतं. त्यांचे वडील मोहाडीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बाजाराच्या दिवशी किराणावाले, टेलर, सायकलवाले त्यांना शोधत यायचे. आणि एप्रिल आला की वडील बाकीची सगळी कामं बाजूला सारून जयंतीच्या फलकांना निळा द्यायला बसायचे. तो निळा घोटायचं काम लहानग्या मॅडमचं. पातळ झाला तर भिंतीवरून ओघळतो, घट्ट झाला तर ब्रश ओढत नाही. "बाबा डबा तिरपा करून पाह्यचे अन् नुसते हूं म्हणायचे. त्या हूंसाठी मी दिवसभर घोटत बसायची," असं त्या सांगत.

तर असा निळा त्यांनी एकदाच परत दिला. एका वर्षी दुपारी होड्यांतून काठावर उतरल्यावर एक अबोल मुलगी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, निळा पाहिजे."

"कायले?"

"लाखोळी फुलली हाये."

मॅडम तिच्या मागोमाग बांधावर गेल्या. धान कापलेल्या बांधीत लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, पेरलेली होती आणि तिला इवलीइवली निळी फुलं आली होती. मॅडम गुडघ्यावर बसल्या, फुलाजवळ तोंड नेऊन बघितलं आणि अख्खी पिशवीच त्या मुलीच्या हाती दिली. "घे. तुले जो लागते तो घे." त्या दिवशी मॅडमचा चेहरा असा खुलला होता की वाटावं, यांचंच बक्षीस निघालंय.

गजभिये मॅडम आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि मी विज्ञान. शाळा आसगावच्या अंगाला, धानाच्या पट्ट्यात. मॅडम बुटक्या, सावळ्या, सुती साडी नेसणाऱ्या, आणि साडीखाली पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट पाहून नवीन शिक्षक हसायचे. मॅडमना त्याचं काही वाटत नसे. बोलणं संथ, चालणं भरभर. एखाद्याचं बोलणं लांबलं की त्या त्याच्या चेहऱ्याकडे इतकं निरखून बघू लागायच्या की बोलणारा आपोआप गप्प व्हायचा. त्या बहुधा त्याचं नाक कसं काढायचं याचा विचार करत असाव्यात.

डोंग्यांची सहल ही त्यांचीच कल्पना. आमच्याकडे मासे धरणारे ढिवर लोक ज्या अरुंद, लांब होडीतून जातात तिला डोंगा म्हणतात. पूर्वी एका खोडातून कोरायचे, आता बहुतेक फळ्यांचे, डांबर फासलेले. एकटा डोंगा नवख्या माणसाला उलटवून मोकळा होतो. म्हणून दोन डोंगे शेजारी ठेवून त्यांवर आडवे बांबू बांधायचे, आणि अशा जोड्यांत मुलांना बसवायचं. बांधणी करायचे त्या ढिवरांतले काशीराम दादा. तेच पुढच्या जोडीत बांबू घेऊन उभे राहायचे. धरणामुळे तिथलं पाणी फुगून थांबल्यासारखं असतं, धार जाणवत नाही. दिवसभर काठाकाठानं जायचं, पक्षी, झाडं, किडे, माणसं बघायची, दुपारी उतरून चित्रं काढायची, पलीकडच्या एका गावच्या समाजमंदिरात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. पलीकडे पळसाचं, ऐनाचं रान अगदी पाण्यापर्यंत आलेलं आहे.

पहिल्यांदा शाळेच्या समितीकडे परवानगी मागायला गेल्या तेव्हा मॅडमना विचारलं गेलं होतं, "लेकरू पाण्यात पडलं तं तुम्ही काढान काय?" त्यांना पोहता येत नव्हतं. चाळिशी उलटलेली. त्यांनी वाद घातला नाही. एका उन्हाळ्यात ढिवरांच्या बायकांसोबत पंजाबी ड्रेस घालून त्या गावच्या तलावात उतरल्या आणि पोहायला शिकल्या. शाळा उघडल्यावर पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. म्हणाल्या, "आता काढीन."

माझं उलट. मी जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढलेला माणूस. आमच्यासाठी पाणी म्हणजे सकाळी नळाला येणारं आणि फॅक्टरीची बस चुकू नये म्हणून घाईघाईनं अंगावर ओतलं जाणारं. डोंग्यात बसायच्या आधीपासून, काठावरच, मी केशरी जॅकेट चढवून सगळे बंद आवळून घ्यायचो. मॅडम मुलांना सांगायच्या, "सरले पाहा. जॅकेट असं बांधाचं. अन् चेहरा असा नाही करायचा."

निसर्गाचा भाग माझ्याकडे होता, म्हणून माझं तिथे असणं. पहिल्याच वर्षी माझं आणि त्यांचं जुंपलं. पाण्यातल्या खुंटावर पंख पसरून एक काळा पक्षी बसला होता. मी उत्साहानं ओरडलो, "पाणकावळा!" मुलांनी माना वळवल्या, "हो हो, पाणकावळा" म्हणाली आणि पुन्हा आपापल्या गप्पांना लागली.

मॅडमनी मला दुपारी बाजूला घेतलं. "सर, एक विनंती हाये. नाव नोका सांगू."

"म्हणजे? मी नावं सांगायलाच आलोय."

"संध्याकाळी सांगजा. नाव भेटलं की लेकरांचं पाहणं संपते. त्याईले वाटते, झालं आपलं काम."

मला राग आला. इतकी वर्षं मुलांकडून नावं पाठ करून घेण्यात घालवलेल्या माणसाला ते जरा लागलंच. पण संध्याकाळी मुलांनी त्या पक्ष्याची चित्रं काढली तेव्हा प्रत्येकाचा पाणकावळा म्हणजे साधा कावळा होता. घराच्या पत्र्यावर बसतो तो. पंख पसरलेले कुणालाच आठवत नव्हते.

तेव्हापासून नियम झाला. डोंग्यात चित्र काढायचं नाही, नाव विचारायचं नाही, फक्त बघायचं. काठावर उतरल्यावर आधी तोंडानं सांगायचं, काय दिसलं. चोच कशी, मान कुठे वळली होती, पाणी अंगावरून निथळत होतं की नव्हतं. "पहिले सांग, मंग काढ." सांगताना अडखळलं तर मॅडम त्याला पुन्हा नदीकडे बघत बसवायच्या. नीट सांगता आलं की कागद मिळायचा. आणि सगळ्यात शेवटी, जेवणाच्या आधी, मी नाव सांगायचो. गंमत म्हणजे तोवर नावासाठी मुलं इतकी आतुर झालेली असायची की माझा भाव एकदम वधारायचा. वर्गात मी पक्ष्यांची नावं सांगतो तेव्हा खिडकीबाहेर बघणारी पोरं तिथे माझ्याभोवती कोंडाळं करून बसायची. मॅडमनी माझं नुकसान केलं असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

चांगलं चित्र, वाईट चित्र असं त्या म्हणत नसत. "हे तू पाह्यलं" किंवा "हे तू नाही पाह्यलं", एवढंच. एका वर्षी एका वात्रट पोरानं काठावर सकाळी डबा घेऊन बसलेल्या माणसाचं चित्र काढलं. पाठमोरं. पोरं हसून लोळायला लागली. मी छडी शोधत होतो. मॅडमनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"पाठ चांगली जमली. थंडीनं आखडून बसला हाये, ते दिसते." मग त्या पोराकडे वळून म्हणाल्या, "पण बाबू, पुढच्या खेपेले जरा लाजेची गोष्ट असली की मान वळवून घेत जा. पाहाले शिकलं म्हणजे कुठं नाही पाहायचं, तेही शिका लागते."

पोरगा जो गप्प झाला तो माझ्या दहा छड्यांनी झाला नसता.

निवृत्ती जवळ येत चालली तशी मॅडमना एकाच गोष्टीची काळजी लागली. चित्रकलेची जागा त्यांच्यानंतर भरली जाणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. आजूबाजूच्या शाळांत तेच होत होतं. जागा गेली तर गेली, पण डोंगे बंद पडतील, हे त्यांना सहन होत नव्हतं. मधल्या सुट्टीत डबा उघडून त्या तशाच बसून राहायच्या. "सर, आठवीची लेकरं आत्तापासून विचारून राहिली, आमचा नंबर कवा. त्याईले काय सांगू?" मी म्हणायचो, होईल काहीतरी. माझ्या बोलण्यात दम नव्हता, आणि ते त्यांना कळत होतं.

आणि नेमकं त्याच सुमारास ते सव्वीस जानेवारीचं प्रकरण घडलं.

सहल त्या दिवशीच निघायची. सकाळी शाळेत झेंडावंदन, मग सगळे नदीवर. त्या वर्षी आम्ही निघालो, ऊन चांगलं वर आलं, पोरं नियमाप्रमाणे गप्प बसून बघत होती. एवढ्यात पलीकडच्या गावातून लाउडस्पीकरची खरखर ऐकू आली. त्या गावचे पाहुणे उशिरा आले असावेत, म्हणून झेंडा उशिरा चढत होता. आणि पाण्यावरून, अगदी स्वच्छ, राष्ट्रगीत आलं.

सगळी पोरं उभी राहिली.

एकसाथ. सावधान. बालवाडीपासून अंगात मुरलेली शिस्त ती, तिला डोंगा आणि मैदान यातला फरक कसा कळणार? दुसऱ्याचं कशाला, मीही उभा होतो. गुरुत्वमध्य वर गेला की वस्तू अस्थिर होते, हा धडा मी दरवर्षी शिकवतो. पण तो धडा राष्ट्रगीताच्या वेळी आठवत नाही.

डोंगे डुलायला लागले. एका जोडीतला बांबू सरकला, कडेवरून पाणी आत आलं, रंगपेट्या तरंगू लागल्या. काशीराम दादा ओरडले, "बसा जी, बसा!" कुणी हललं नाही. मग मॅडमचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"बसा! खाली बसा म्हणते न! सगळे बसा!"

पोरं मटकन बसली. तोवर दोन मुली पाण्यात पडल्या होत्या. काठ जवळ होता, पाणी कमरेइतकंच होतं, अंगात जॅकेटं होती. मॅडम साडीसकट पाण्यात उतरल्या आणि दोघींना धरून काठावर घेऊन आल्या. कुणाला काही लागलं नाही. शेकोटी केली, कपडे वाळवले. दुपारपर्यंत पोरं त्याच गोष्टीवर हसत होती.

पाण्यात पडलेल्यांपैकी एक श्रुती लांजेवार. तिनं घरी जाऊन सगळं रंगवून सांगितलं, आणि त्यात हेही सांगितलं की राष्ट्रगीत सुरू असताना मॅडम "बसा" म्हणून ओरडल्या. तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. आसगावात त्यांना सगळे हवालदारसाहेबच म्हणत. मुलगी पाण्यात पडली याचा त्यांना राग नव्हता. राष्ट्रगीताला मुलांना बसवलं याचा होता. ते शाळेच्या समितीवर होते.

बैठकीत ते फार बोलले नाहीत. ताठ उभे राहून एकच म्हणाले, "हे बरोबर झालं नाही." बाकीच्यांनी मात्र संधी साधली. एक म्हणाला, मुलांना नदीत नेताच कायले? दुसरा म्हणाला, चित्रं तं घरी बसूनही काढता येते. मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले, "मॅडमले सांगा, माफी मागून टाका म्हणा. विषय संपते."

मॅडम उठल्या. "माझ्या बोलण्यानं कोणाचं मन दुखलं असन तं मी माफी मागते. अठरा लेकरं होती जी. ते राष्ट्रगीत त्याईचंच तं हाये." थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "माफी हजारदा मागते. फक्त डोंगे बंद नोका करू."

ठरलं असं की लांजेवार हवालदार हो म्हणतील तरच पुढच्या वर्षी डोंगे जातील. म्हणजे बंदच, असं सगळ्यांनी धरलं.

त्या रविवारी मॅडम मला घेऊन हवालदारांच्या घरी गेल्या. अंगण सारवलेलं, तुळस, भिंतीला टेकवलेली सायकल, सगळं जिथल्या तिथे. हवालदारांनी खुर्च्या मांडल्या, स्वतः बसले नाहीत. वहिनींनी चहा आणला.

"मॅडम," हवालदार म्हणाले, "फौजेत राष्ट्रगीत वाजलं तं माणूस सापावर पाय पडला तरी हलत नाही."

"हो जी. माहीत हाये."

"मंग?"

मॅडमनी बशी खाली ठेवली. "हवालदारसाहेब, फौजेत तुमाले नावेतून नदी पार कराले शिकवत असन न?"

"शिकवते. काहून नाही?"

"नावेत उभं राहू देते?"

मला वाटलं, आता हवालदार चिडतील. पण माणूस खरा होता. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "नाही. बोटीत खाली बसायचं, असा हुकूम हाये. उभा राहिला तं बाकीच्याईले घेऊन बुडते."

"मी तेवढाच हुकूम देला जी. माझ्या आवाजात फौज नव्हती, म्हणून ओरडा लागलं."

वहिनी दारात पदर तोंडाला लावून हसल्या. हवालदारांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. मॅडमनी तेवढ्यात पुढचं सांगून टाकलं. "पुढच्या खेपेले तुम्हीच चला. हुकूम तुम्ही देजा. लेकरं तुमचं ऐकतीन."

पुढच्या वर्षी डोंगे निघाले ते सत्तावीस जानेवारीला. मॅडमनी सव्वीस तारीख देशाला सोडली आणि सत्तावीस नदीला घेतली. ही त्यांची शेवटची सहल होती, उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. हवालदार मफलर बांधून पुढच्या जोडीत बसले. सकाळभर ते बोटही न हलवता पाण्याकडे बघत होते. मला वाटलं, बिचारे कंटाळले.

दुपारी काठावर मॅडमनी मुलांना नेहमीसारखं सांगायला बसवलं. पोरं त्या दिवशी नुसती अडखळत होती. "तिकडं झाड होतं... त्याच्या बाजूले एक पक्षी..." कुठलं झाड, कुठली बाजू, काही पत्ता नाही. हवालदार मागे उभे राहून ऐकत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"असं नाही सांगत गा. सामने बघा. सगळ्यात मोठी चीज पहिले धरायची. अकेला पेड. दिसलं?" त्यांनी हात लांब केला आणि बोटं आडवी धरली. "पेडापासून चार उंगल दाएं. पाण्यातून निघालेला खुंट. खुंटापासून दोन उंगल नीचे. तिथं बसला हाये. मान बाएं. चोच लंबी, लाल. आता सगळ्याईले दिसला का नाही?"

सगळ्यांना दिसला. खंड्या होता. पोरं हात लांब करून बोटं मोजायला लागली.

मॅडम हवालदारांकडे बघतच राहिल्या. "हे कुठं शिकले जी?"

"दुश्मन दाखवाले असंच शिकवते. बाजूच्याले नाही दिसला तं काय फायदा?"

"मी एवढी वर्षं हेच सांगून राहिली," मॅडम म्हणाल्या, "पण मले असं सांगता नाही आलं." आणि लहान मुलीसारखा हात लांब करून स्वतःच बोटं धरून बघू लागल्या. चार उंगल दाएं, दोन उंगल नीचे. दुपारभर काठावर तोच खेळ चालला. संध्याकाळी हवालदारांनी एक कागद मागून घेतला आणि एक खुंट काढला. नुसता खुंट. पक्षी काढायची हिंमत झाली नाही, म्हणाले. मॅडमनी लांब धरून पाहिलं. "हे तुम्ही पाह्यलं," म्हणाल्या. हवालदारांनी तो कागद घडी न घालता, दोन हातांत धरून घरी नेला.

निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "जानेवारीत डोंगे जातीन न?" मुख्याध्यापक "बघू" म्हणाले. हवालदार मागच्या रांगेतून उठले. "जातीन," म्हणाले आणि खाली बसले.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. थोडक्या आजाराचं निमित्त झालं. हे इथेच सांगून टाकतो, कारण त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या जानेवारीत, आणि ते मला शांतपणे सांगायचं आहे.

त्या वर्षी डोंगे गेले. हवालदार आणि मी. चित्रकलेचं माणूस कुणीच नाही. मॅडमना मी चार वेळा फोन केला, चला म्हणून. म्हणाल्या, "काठापर्यंत येते." आल्या. बूट, साडी, पिशवी, सगळं तेच, पण डोंग्यात बसायला काही केल्या तयार होईनात. काशीराम दादांनी बांबू टेकवला तेव्हा त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पोरांना "बसून राहा, बसून राहा" सांगत होत्या. आम्ही निघालो. थोडं पुढे गेलो आणि मागे पाहिलं, तर मॅडम काठावरून दोन्ही हात जोरजोरात हलवत होत्या. पोरांनीही हात हलवले. मीही हलवला. हवालदारांनी तर नाक शिंकरलं. वळण आलं आणि मॅडम दिसेनाशा झाल्या.

दुपारी अलीकडच्याच काठाला उतरलो तेव्हा कळलं की पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन काठावरच राहिला होता.

मी कपाळावर हात मारून घेतला. आता गाव शोधायचं कुठे, या विचारात असतानाच बांधावरून मोटारसायकलचा आवाज आला. कुणीतरी अनोळखी पोरगा चालवत होता आणि मागे गजभिये मॅडम बसल्या होत्या. कॅन मांडीवर, दोन्ही हातांनी कवळलेला. पदर अर्धा भिजलेला.

"एवढे हात हलवले," उतरता उतरता म्हणाल्या, "अन् तुम्ही टाटा करून राहिले!"

मी कॅन घेतला आणि मुलांना हाक मारणार, की मॅडम आल्या, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या."

मुलं पाण्याकडे तोंड करून ओळीनं बसली होती. हवालदार मागे उभे. एक मुलगी हात लांब करून सांगत होती आणि बाकीची तिच्या बोटांच्या रेषेत बघत होती. एवढी मोटारसायकल आली, थांबली, आम्ही बोललो, पण एकानंही मान वळवली नाही.

मॅडम बघत राहिल्या. बराच वेळ. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"बसा ना मॅडम. आता आल्याच आहात. परतीला आमच्यासोबत चला."

"नाही सर. मी बसली तं लेकरं माह्याकडंच पाहतीन." मग हळूच, "मले वाटे, मी गेल्यावर बंदच पडते हे. झोप नाही लागे."

मी कॅन खाली ठेवला.

"चाललं हाये न बरोबर," त्या म्हणाल्या. ते विचारणं होतं की सांगणं, मला कळलं नाही. त्यांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला, एका अंगानं पाय सोडून मागे बसल्या आणि "चाल बाबू" म्हणाल्या. मोटारसायकल लाखोळीच्या बांध्यांमधून काठाकाठानं निघाली. एका अंगानं बसल्यामुळे मॅडमचं तोंड नदीकडे होतं. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पाण्याकडे बघत चालल्या होत्या.